डब्यांमधल्या घोरपडी

माझी बायको मैना गेल्यावर देव्हाऱ्याला हात लावायला मला पाच महिने लागले. एका सकाळी हडपसरच्या घरात तो पुसायला घेतला, तर तिच्या चांदीच्या डबीला लाल मुंग्या लागल्या होत्या. डबीत हत्थाजोडी होती. जोडलेल्या दोन हातांसारखं दिसणारं वाळकं मूळ, शेंदूर फासलेलं. सदाशिव पेठेतल्या एका पूजासाहित्याच्या दुकानातून मैनेनं ते आणलं होतं, मीही बरोबर होतो. एक्केचाळीस दिवस पूजा करा, पोटातली गाठ विरघळेल, असं दुकानदार म्हणाला होता. ते दिवस पुरे होईपर्यंत ती दवाखान्यात यायला तयार झाली नाही. नंतर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

मी तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. देवाधर्मातलं मला फार कळत नाही. पण मुळाला अशा मुंग्या लागत नाहीत, एवढं कळतं. डबी पिशवीत घालून मी वनखात्याच्या ऑफिसात गेलो. तिथे तेजस्विनी नावाच्या वनपाल होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी डबी उघडली आणि लगेच बंद केली.

"काका, हे मूळ नाही."

"मग काय हाय?"

"घोरपडीच्या नराचं..." त्या जरा अडखळल्या. "ज्याच्यामुळे तो नर असतो, ते. कापून वाळवतात आणि मूळ म्हणून विकतात."

मैना रोज आंघोळ करून त्याला नमस्कार करायची. मी टेबलाकडे बघत बसलो.

"हे घरात ठेवणं गुन्हा आहे, काका. तुमच्यावरही केस होऊ शकते."

"करा की. पण आधी ज्यानं दिली त्याच्यावर करा."

त्यांनी डबी तपासणीला पाठवली आणि मला सगळं नीट सांगितलं. त्या दुकानावर आधी एकदा छापा पडला होता. एकच नग मिळाला. कुणीतरी गिऱ्हाईक विसरून गेलं असेल, म्हणाला मालक, आणि सुटला. "आमच्या रजिस्टरमध्ये तीन वर्षांत अख्ख्या शहरातून पकडलेल्या अकराच जोड्या आहेत," त्या म्हणाल्या. "अकरावर आमचाही विश्वास नाही. पण साठा सापडल्याशिवाय कोर्टात काय दाखवणार? तो ओळखीच्या माणसालाच माल काढून देतो."

लहानपणी आमच्या मळ्याच्या बांधावर घोरपडी असायच्या. उंदीर खातात म्हणून वडील त्यांना कुणाला हाकलू देत नसत. पुढे त्या दिसेनाशा झाल्या. बिल्डिंगा आल्या म्हणून गेल्या, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"मला ओळखतो तो," मी म्हणालो.

तपासणीचा कागद यायला आणखी काही महिने गेले. तो आल्यावर एका सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून पेठेत गेलो. तेजस्विनीबाई साध्या कपड्यांत समोरच्या चहाच्या दुकानात बसल्या होत्या. साठा दिसला की मी मिस्ड कॉल द्यायचा, एवढंच ठरलं होतं.

दुकानदाराचं नाव यज्ञेश्वर. मला बघून त्यानं चष्मा वर केला.

"या, हिंदुराव. वहिनी कशा आहेत?"

"बरी हाय," मी म्हणालो. "गाठ गेली."

हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. पण त्यापुढचं आपोआप येत गेलं. ती सकाळी कालव्यापर्यंत चालत जाते, भाजीवाल्याशी भांडते, मला दुसरा चहा देत नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्याबद्दल असं बोलत होतो, आणि थांबावंसं वाटत नव्हतं.

"मी सांगितलं नव्हतं?" यज्ञेश्वर खुलला.

"आता सगळ्या भावकीला पाहिजे. चाळीस जोड्या द्या."

त्याचा चेहरा बदलला. "चाळीस? गेल्या वेळी असंच एक जण गोड बोलून गेला आणि माझ्या दारात सरकारी गाडी आली. वहिनींना फोन लावा. त्यांच्या तोंडून ऐकतो आणि देतो."

हे काही ठरलेलं नव्हतं. चहाच्या दुकानाकडे बघायचीही सोय नव्हती. आता मी परत फिरलो, तर रजिस्टरमध्ये अकराच राहणार होते.

"फोन कुठं उचलते ती? मेसेज पाठवते," मी म्हणालो. "हा बघा, सकाळचाच हाय." आणि मोबाइल माझ्याच हातात धरून मी तो वाजवला. सकाळचा नव्हता, दोन वर्षांपूर्वीचा होता. मी तो रोज ऐकतो.

"अवं, येताना कोथमीर आणा. जुडी सोडून बघा आतून. मागल्यावानी पिवळी आणली तर तुम्हालाच कच्ची चारीन. आन् फोन का उचलत न्हाई तुम्ही?"

यज्ञेश्वर हसायला लागला. "अहो, यांना आजार झाला होता? आजारालाच वहिनी झाल्या असतील." त्यानं गल्ल्याला कुलूप लावलं. "चला मागे."

मागच्या खोलीत अगरबत्तीच्या खोक्यांमागे तुपाचे नऊ डबे होते. त्यानं एकाचं झाकण काढलं. हत्थाजोड्यांनी काठोकाठ भरलेला होता. लवंगांचा वास आला आणि त्याखालून दुसराही. मी खिशातल्या खिशात बटण दाबलं.

मोजणी दुपारी सुरू झाली आणि दिवे लागेपर्यंत चालली. सातशे बेचाळीस. मैनेची धरून सातशे त्रेचाळीस. एका जोडीमागे एक मेलेला नर. तेजस्विनीबाईंनी आकडा दोनदा तपासला आणि मग मोठ्यानं वाचला. डब्यांखाली एक वही मिळाली, तिच्यात माल पुरवणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर होते. त्या रात्रीच गाड्या निघणार होत्या.

"काका," त्या म्हणाल्या, "या वहीतली माणसं सापडली, तर या पावसाळ्यात पुष्कळ घोरपडी वाचतील."

यज्ञेश्वर बाकावर बसला होता. "वहिनींना तुमची लाज वाटायला हवी. माझ्यामुळे बऱ्या झाल्या आणि तुम्ही..."

"ती वारली," मी म्हणालो. "दहा महिने झाले."

"म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलंत?"

"ती बरी होणार, असं तुम्ही सांगितलं होतं. मी तेच तुम्हाला परत सांगितलं."

एक शिपाई तोंड फिरवून हसला.

परत येताना हडपसरला बसमधून उतरलो आणि मंडईत गेलो. कोथिंबिरीची जुडी उचलली, सोडली, आतून बघितली. भाजीवाली म्हणाली, "काका, सोनं घेताय का?"

"हिरवी हाय ना, तेवढं बघतोय," मी म्हणालो, आणि दोन जुड्या घेतल्या.