दगडावरचे टेबल

एप्रिलचे ऊन पडले की हार्लेम या डच शहरातली माणसे घरात टिकत नाहीत. सगळे बाहेर धावतात, आणि ज्या कॅफेची टेबले फुटपाथवर जास्त त्याची चंगळ होते. रूलॉफच्या कॅफेबाहेर मात्र दोनच टेबले मावत. तिसरे सहज मावले असते, पण नेमक्या त्याच जागी जमिनीत एक दगड बसवलेला होता. त्यावर बास्तियान क्रोल हे नाव, १९४५ हे साल आणि 'येथे गोळ्या घातल्या' एवढेच शब्द होते. जर्मनांपासून लपून बसलेल्या लोकांसाठी हा बास्तियान चोरून शिधापत्रिका छापायचा.

रूलॉफने नगरपालिकेकडे अर्ज केला. दगड काढून बाजूच्या भिंतीत, कचऱ्याच्या डब्यांच्या वर बसवावा. नगरपालिकेने कळवले, गल्लीतल्या कुणाची हरकत नसेल तर आमचीही नाही. गल्लीला हरकत कसली असणार! रूलॉफ भला माणूस, त्याच्याशी वाकडे कोण घेणार? मनातून पुष्कळांना पटले नव्हते, पण सगळे मूग गिळून बसले. रूलॉफने शेवटच्या परवानगीची वाटही पाहिली नाही. दगडावर तिसरे टेबल मांडून तो मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या घरातल्या आफ्काआजी रस्ता ओलांडून आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठीला बाक, पण जीभ धारदार. एका हातात स्वयंपाकघरातली खुर्ची, दुसऱ्या हातात कॉफीचा थर्मास. टेबलाला खेटून खुर्ची टाकून त्या खुशाल बसल्या.

"आजी, इथं गिऱ्हाइकं बसतात," रूलॉफ म्हणाला.

"बसू देत की. मी काय कुणाच्या मांडीवर बसलेय?"

"निदान कॉफी तरी माझ्याकडची घ्या."

"तुझ्याकडं कपाबरोबर एकच बिस्कीट मिळतं. घरी डबा माझ्या हातात असतो."

गिऱ्हाइके हसली. रूलॉफचा चेहरा पडला. मग हे रोजचेच झाले. आठवडाभराने त्याचा संयम सुटला.

"अहो, मी दगड फेकून देतोय का? भिंतीवर लावतोय! उलट लोकांना वाचायला सोपं जाईल."

"बास्तियान भिंतीवर पडला नव्हता रे. इथं पडला."

"ऐंशी वर्षं होत आली, आजी!"

"माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेला नाही." आजींनी कप खाली ठेवला. "भुकेचा हिवाळा होता तो. ट्युलिपचे कंद उकडून खायचो आम्ही. त्याला मारलं आणि धाक बसावा म्हणून दिवसभर तसाच टाकून ठेवला. फुलं वाहायला बंदी. घरात आम्ही तिघं आणि तीनच कंद. आईनं त्यातला एक उचलला आणि इथं आणून ठेवला. मी रडले. त्याच्यासाठी नाही, कंदासाठी! सैनिकानं तो लाथेनं उडवला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून दुसरा आला, मग तिसरा. अख्खी गल्ली उपाशी, पण त्यांच्या नाकावर टिच्चून रोज इथं कंद असायचा."

रूलॉफने हळूच विचारले, "आमच्या घरातून?"

"तुझ्या आजोबांनी पडदे ओढून घेतले होते. त्यांना मी कधी बोल लावला नाही. बंदुका होत्या समोर. तुझ्यासमोर काय आहे? एक टेबल!"

रूलॉफ तरातरा आत निघून गेला. राग आजींचा होता की स्वतःचा, हे त्यालाच कळेना.

चार मेची संध्याकाळ आली. युद्धात गेलेल्यांसाठी आठ वाजता सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. घराघरांवरचे झेंडे अर्ध्यावर उतरले होते. गल्लीतली माणसे एकेक करून बाहेर आली. तिसऱ्या टेबलावर वाढदिवसाची मंडळी बिअर पीत बसली होती. आफ्काआजी आल्या. त्यांच्या एका हातात नेहमीचा थर्मास आणि दुसऱ्या हातात ट्युलिपचा एक सुकलेला कंद होता. त्या वाकून टेबलाखाली जागा शोधू लागल्या.

"जपून आजी, ग्लास सांडेल!" एक तरुण म्हणाला.

ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या रूलॉफने ते पाहिले. एके काळी कंद लाथेने उडवला गेला होता. आज तो ठेवायला जागाच नव्हती, आणि ती जागा आपण खाल्ली! त्याला स्वतःची शरम वाटली.

"उठा," तो त्या मंडळींना म्हणाला.

"अहो, आम्ही इथंच बसून गप्प राहतो की."

"त्याच्या अंगावर बसून? उठा!"

"परत पाऊल ठेवणार नाही तुमच्याकडं!"

"नका ठेवू!" रूलॉफने टेबल उचलले. ग्लास खळकन फुटले, बिअर वाहत गेली. तेवढ्यात घंटा वाजली. आजींनी दगडावर कंद ठेवला आणि गल्ली माना खाली घालून उभी राहिली.

दोन मिनिटे संपताच रूलॉफ मोठ्याने म्हणाला, "दगड हलवायला माझी हरकत आहे. नगरपालिकेनं पहिलं नाव माझं घालावं!"

"अरे, अर्ज तुझाच ना?" कुणीतरी विचारले.

"म्हणूनच!"

"मग माझीही हरकत," शेजारी म्हणाला. पलीकडून आणखी एक आवाज आला. इतके दिवस गिळलेले मूग आता बाहेर पडत होते.

बंधूंनो आणि भगिनींनो, त्या गल्लीने बंदुकीपुढे मान झुकवली नाही, पण सोयीपुढे ती जवळजवळ झुकलीच होती. आपल्यासाठी मेलेल्यांना आपण शिव्या देत नाही, नुसते थोडे बाजूला सरकवतो. तेवढेही करू देऊ नका! शेजाऱ्याशी वाईटपणा आला तरी चालेल, तोंड उघडा. पडदे ओढायला आता कुणाची बंदूक समोर नाही.

काच झाडून झाल्यावर रूलॉफ आजींसमोर येऊन उभा राहिला. आजींनी थर्मासचे झाकण घट्ट लावले.

"आज तुझ्याकडची कॉफी दे," त्या म्हणाल्या. "आणि बिस्किटं दोन आण. एक तुला."