सूरजबाईचं नाव

‘सू’ निघालं, पण ‘र’ काही निघेना. गुलाबचंदांनी रॉकेलचा बोळा पुन्हा होडीवरच्या त्या अक्षरावर दाबून धरला आणि काचेच्या तुकड्याने खरवडायला सुरुवात केली. ऑइलपेंट पक्का होता. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच वाशीमच्या पेंटरकडून मुद्दाम दोन हात मारून घेतले होते: ‘स्व. सूरजबाई गुलाबचंद यांच्या स्मरणार्थ’.

आता तो पेंटर या होडीला हात लावायला तयार नव्हता. म्हणून सत्तरीचे गुलाबचंद शेलूबाजारचं आपलं कापडदुकान मुलावर सोपवून एकटेच तलावाच्या काठावर आले होते. होडी चिखलात उपडी पडली होती.

बहात्तरच्या दुष्काळात हा तलाव बांधला आणि पलीकडचा तांडा बाजारापासून तुटला. तेव्हा बायकोच्या आठवणीखातर त्यांनी ही होडी दिली. हार घातले, पेढे वाटले. नावाडी मात्र नेमला नाही. वल्हं ज्याच्या हाती लागेल तो होडी हाकायचा. गेल्या बाजाराच्या दिवशी आठ माणसांच्या होडीत सतरा जण बसले. मधोमध वारा सुटला. सहा माणसं गेली. तेव्हापासून लोक म्हणू लागले, सूरजबाईनं सहा नेले.

हे कानावर आल्यापासून गुलाबचंदांना घास गिळवेना. पाण्यातला जीवसुद्धा मरू नये म्हणून सूरजबाई जन्मभर पाणी गाळून प्यायली. गाळायचं फडकं धुतलेलं पाणीही ती परत विहिरीत सोडायची, बादली अगदी हलकेच टेकवून.

“काय करून राह्यले, शेठ?”

तांड्यावरची रुपाबाई मागे उभी होती. तिचा नवरा सोमला त्या सहांतला एक.

“नाव काढून राह्यलो, बाई.”

“काहून?”

“लोक तिले बोलतात. तिनं कधी मुंगी मारली नाई.”

“मी बी बोलते.” रुपाबाईचा आवाज चढला नव्हता. “रोज सकाळी इथं येऊन तिले शिव्या देते. तुमी नाव पुसलं, तर मी कोनाले बोलू? पान्याले?”

गुलाबचंदांनी काचेला चिकटलेला रंग बोटाने पुसला. मग म्हणाले, “सोमला दोनदा दुकानावर आला होता. नावाडी ठेवा म्हने. मीच म्हटलं, दिवाळीनंतर पाहू.”

“मले मालूम हाये. घरी येऊन सांगतलं होतं त्यानं.”

गुलाबचंदांनी ‘सूरजबाई’ पुरतं खरवडलं. बोटातून रक्त आलं, ते त्यांनी धोतराला पुसलं. नंतर काच खाली ठेवली.

“बाकीचं राहू दे,” ते म्हणाले. “आता त्याले बोल.”

“काय लिवलं हाये तिथं?”

“माह्यं नाव.”

रुपाबाईने त्या अक्षरांकडे एकदा पाहिलं आणि ती काठाकाठाने, लांबच्या वळशाने तांड्याच्या वाटेला लागली.

पुढच्या बाजाराला दुकानात गर्दी होती. रुपाबाई रस्त्यात येऊन उभी राहिली आणि तिने हाक मारली, “गुलाबचंद!”

शेठ नाही, काही नाही. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. मुलगा कांतीलाल तिला हाकलायला उठला. गुलाबचंदांनी त्याला हात धरून बसवलं. हातातलं कापड खाली ठेवलं, अनवाणीच पायऱ्या उतरले आणि तिचं बोलून होईपर्यंत भर उन्हात, भर बाजारात, मान खाली घालून उभे राहिले.