अर्डिथबाईंची पाठ

"शोधू नकोस, पोरी. शोधणारी बोटं बहिरी असतात. ऐक."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते आणि समोर एक जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी उघडी होती. तिच्या पानाखाली माझ्याच डोक्यातला एक केस होता. पानावर अख्ख्या गावाची नावं आणि नंबर, आणि खाली कुठेतरी माझा एक केस. तो बोटाला लागला की त्यावर आणखी एक पान यायचं. मग आणखी एक. पानं वाढत जायची, केस खोल जायचा, आणि आवाज तोच राहायचा: ऐक.

आवाज वॉली सरांचा होता, म्हणजे डॉक्टर वॅलेस ओल्थॉफ यांचा. मिसिसिपीच्या काठावरच्या आमच्या कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हातांनी मणके जागेवर बसवण्याच्या विद्येच्या कॉलेजात ते तेव्हाही स्पर्शाचा वर्ग घ्यायचे आणि या गोष्टीच्या वेळीही घेत होते. या वर्गात मुलं पाठ चाचपायला शिकतात. कुठला मणका मोकळा हलतो, कुठला हट्ट धरून बसलाय, हे बोटांनी ओळखायचं. डिरेक्टऱ्या आता छापल्या जात नाहीत, म्हणून सरांनी जुन्या डिरेक्टऱ्या एका कपाटात बियाण्यासारख्या जपून ठेवल्या होत्या. मुलं म्हणायची, सरांच्या कपाटातली निम्मी माणसं देवाघरी गेली, पण त्यांचे नंबर अजून अभ्यासक्रमात आहेत.

सर पाठीवर वाकले की त्यांच्या कानातलं ऐकण्याचं यंत्र शीळ घालायचं. म्हणून ते आधी ते काढून पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकायचे आणि मगच हात लावायचे. यावरही मुलांचं म्हणणं तयार होतं: पेशंटची कुरकुर नको म्हणून ही युक्ती.

मी आता त्याच कॉलेजात शिकवते आणि शिकवण्यावरच संशोधन करते. म्हणजे आम्ही जे शिकवतो ते मुलांना खरोखर येतं का, हे मोजून पाहायचं. माझी आई शेजारणींना सांगते, आमची नादीन मास्तरांची परीक्षा घेते. ते काही खोटं नाही.

त्या शरद ऋतूत डीननी एक नवं टेबल आणलं. त्यावर ठेवलेल्या पुतळ्याला मणका बसवायचा झटका दिला की किती जोर लागला, किती वेगात, सगळं पडद्यावर उमटायचं. टेबलाला सुट्टी लागत नव्हती, ते कुणावर डाफरत नव्हतं आणि सगळ्यांना एकच उत्तर देत होतं. आमचे डीन, क्वेंटिन रूप, माणूस सरळ. त्यांनी मला बोलावून सांगितलं, एकाच पाठीवर दहा हात फिरले तर दहाही हात एकाच जागी थांबतात का ते मला दाखव. थांबत असतील तर स्पर्शाचा वर्ग जसाच्या तसा राहील. नसतील, तर वसंतापासून ते तास टेबलाला.

वॉली सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते कॉफी ढवळत होते. ते म्हणाले, वर्ग जाईल त्या दिवशी मी जाईन, आणि डिरेक्टऱ्या घेऊन जाईन. बोलणं विनोदाचं होतं, पण चमचा बराच वेळ कपात फिरत राहिला. त्यांची बायको गेली होती, मुलगा अलास्कात होता, आणि हातांना दुसरं काम माहीत नव्हतं.

म्हणजे मला ते हात एका जागी थांबलेले हवे होते. संशोधकाने असं काही हवं असू देऊ नये. पण केसाची गोष्ट तुम्हाला सांगितलीच आहे.

मी तीन पाठी निवडल्या. एक आमच्या ग्रंथपालाची, एक अग्निशमन दलातल्या माणसाची, आणि तिसरी अर्डिथ पॉसन यांची. अर्डिथबाई पूर्वी शाळेत पियानो शिकवायच्या. कॉलेजात विद्यार्थ्यांना सरावासाठी पाठी लागतात. नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात त्या आपण होऊन आल्या आणि मग येतच राहिल्या. येताना रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या आणायच्या, तपासणीच्या टेबलावर पालथ्या व्हायच्या आणि टेबलाच्या खाचेत तोंड घालून पडायच्या. कॉलेजातून बाहेर पडलेल्या किती डॉक्टरांचे पहिले थरथरते हात त्या पाठीने झेलले असतील, त्याचा हिशेब नाही.

नियम मी कडक केले. पहिल्या सत्राची मुलं, शेवटच्या सत्राची मुलं आणि शिक्षक, सगळे एकेक करून आत येणार. जिथे मणका अडलाय असं वाटेल तिथे एक ठिपका लावायचा. शाई अशी की नुसत्या डोळ्याला दिसत नाही, फक्त माझ्या जांभळ्या दिव्याखाली दिसते. मी मोजणार, पुसणार, मग पुढचा. पाठवाल्याशी बोलायचं नाही. काही विचारायचं नाही. बोटांची परीक्षा आहे, जिभेची नाही.

ग्रंथपालाच्या पाठीवर ठिपके असे पडले, जसे कुणी मूठभर मका अंगणात फेकावा. अग्निशमनवाल्याच्या पाठीवर तसंच. वॉली सरांना मी सकाळी आणि दुपारी दोनदा बोलावलं, तर त्यांचं त्यांच्याशीच जमेना. दोन ठिपक्यांत टीचभर अंतर. मी दाखवलं तेव्हा म्हणाले, मध्ये जेवण झालं होतं.

पण अर्डिथबाईंची पाठ! दोन्ही खांद्यांच्या मधोमध, किंचित डावीकडे, सगळे ठिपके एका ठिकाणी. पहिल्या सत्रातली, कालपरवा आलेली पोरंसुद्धा तिथेच. माझा स्वतःचा ठिपकाही तिथेच, आणि तो मी बोटांनीच शोधला असं मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगितलं असतं. ठिपका नव्हता तो एकाच माणसाचा. वॉली सरांनी ती पाठ वरपासून खालपर्यंत दोनदा चाचपली, शाईची काडी तशीच माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पुढची आण."

ही बातमी कॉलेजभर झाली. दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर एक डिरेक्टरी उघडी सापडली. तिच्या पहिल्याच पानाखाली नदीवरच्या नावेचा मनगटाएवढा जाड दोर होता आणि वर चिठ्ठी: सोपं दिलंय सर, घाई नाही. सरांनी डोळे मिटले, गंभीर चेहऱ्याने पानावर बोटं फिरवली, बराच वेळ फिरवली, आणि वर्गाला सांगितलं की काही लागत नाही बुवा. वर्ग लोळायचा बाकी राहिला. मी मात्र त्या हसण्यात पुरती सामील होऊ शकले नाही. ज्यांचा वर्ग वाचवायचा, त्यांचंच बोट चुकलेलं होतं.

तरी मी आनंदात होते. मुलांना आकडे दाखवताना मी अर्डिथबाईंच्या पाठीचं चित्र पडद्यावर मोठं करून लावलं आणि म्हटलं, बघा, स्पर्श शिकवता येतो.

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मागच्या बाकावर लूपे बॅरान्को होती, पहिल्या सत्रातली, नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावची. तिने हात वर केला. मनात आलेलं पोटात ठेवायची सवय त्या मुलीला नव्हती.

"मॅडम, पण तिथे बाई हुंकार देतात ना?"

"कसला हुंकार?"

"हम् असा. बारीक. आम्हाला पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातली मुलं शिकवतात." आणि तिने ओव्यांसारख्या चालीवर म्हणून दाखवलं:

हात फिरू दे सावकाश, कान ठेव जागा,
बाई जिथे हुंकारेल, तीच तुझी जागा.

सबंध वर्ग ओठ हलवत होता. सगळ्यांना पाठ होतं. कुणाला त्यात लबाडीही वाटत नव्हती, कारण त्यांच्या मते पेशंट कण्हला तर ऐकायचंच असतं, त्यात लपवायचं काय? लपवलं कुणीच नव्हतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. त्यांनी यंत्र कानात घातलं, सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, तुम्ही ठिपका का नाही लावला?

"हुंकार मला ऐकू आला नाही. आणि हाताला काही लागलं नाही. चांगली पाठ आहे तिची, लोण्यासारखी हलते."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"ती आली तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"माणूस येतं ते काही कारणाने येतं, पोरी. ते कारण मणक्यातच असलं पाहिजे असं कुठे आहे?" मग ते म्हणाले, "माझ्या हातावर फार भरवसा टाकू नकोस मात्र. जेवणानंतरचे ठिपके पाहिलेस ना?"

मी म्हटलं, अर्डिथबाईंची पाठ काढून टाकली तर उरलेल्या आकड्यांत काही दम नाही. नाणं उडवून ठिपके लावले असते तरी जवळपास तेवढेच जमले असते. वर्ग जाईल.

ते कपाटाकडे बघत म्हणाले, "खोटा वाचलेला वर्ग मला नको. जे आहे ते सांग."

मी डीनना आहे ते सांगितलं. दोन पाठींवर हात जमले नाहीत, तिसरीवर कान जमले. रूप साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं संपलं. पण ते विचारत होते ते वेगळंच होतं: पहिल्या सत्रातल्या एकाही पोराने तो हुंकार चुकवला नाही? एकानेही नाही, मी म्हटलं. वॉली सर सोडून कुणीच नाही.

"म्हणजे पालथ्या पडलेल्या माणसाचा श्वास ऐकायला तुमच्या वर्गात कुणीतरी शिकवतंय," ते म्हणाले. "माझ्या टेबलाला श्वास नाही."

त्यांनी तास अर्धे केले. झटक्याचा सराव टेबलावर, उरलेले तास वॉली सरांकडे, एक वर्षापुरते. आणि एक अट घातली: बोलण्याची बंदी उठवायची. हात लावण्याआधी पाठीच्या मालकाला विचारायचं. डिरेक्टऱ्या निम्म्या गेल्या असं सरांनी जाहीर केलं, आता फक्त 'एम'पर्यंतची माणसं शिकवीन. पण त्या संध्याकाळी त्यांना शीळ घालत गाडीकडे जाताना मी पाहिलं. शीळ त्यांची स्वतःची होती. यंत्र खिशात होतं.

वसंत सत्राचा पहिला वर्ग भरला तेव्हा नदीवरचा बर्फ फुटून तुकडे खाली वाहत होते. अर्डिथबाई वड्यांचा डबा ठेवून टेबलावर पालथ्या झाल्या. पहिला नंबर लूपेचा. सरांनी सवयीने कानातलं यंत्र काढलं, तळहातावर धरलं, आणि कोण जाणे काय वाटलं, परत घातलं.

लूपेने हात चोळून गरम केले. मग आठवण झाल्यासारखी थांबली आणि वाकून विचारलं, "बाई, तुमचं दुखतं कुठे?"

इतक्या वर्षांत तिथे हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्ही सगळे जागा माहीत असलेले लोक. टेबलाच्या खाचेतून एक लांब श्वास ऐकू आला.

"कुठेच दुखत नाही गं," अर्डिथबाई म्हणाल्या. "कधीच दुखलं नाही."

लूपेचे हात हवेतच राहिले. "मग तो हम्?"

"हात घाबरलेला असला की कळतं मला. पियानोवर पोरांची बोटं असायची ना, तशी. वाटायचं, याला सापडू दे. सापडलं की हात कसा धीट होतो." त्या जराशा हसल्या. "तुमचं ते गाणंही मला माहीत आहे. चाल चुकीची म्हणता."

वर्गात हसू फुटलं. लूपे हसली नाही. तिने विचारलं, "पण तीच जागा का?"

सर एक पाऊल पुढे आले. बाईंचा चेहरा आम्हाला दिसत नव्हता. दिसत होती फक्त पाठ, आणि खांद्यांच्या मधली, किंचित डावीकडची ती जागा, जिथे माझ्या दिव्याखाली सगळं कॉलेज एकत्र जमलं होतं.

"माझ्या नवऱ्याचा, हार्लनचा हात तिथे असायचा," त्या म्हणाल्या. "नाचताना. शनिवारी हॉलमध्ये पोल्का वाजायचा. जाडजूड हात, शेतकऱ्याचा, ताल कधी धरला नाही त्याने, पण हात तिथून हलू दिला नाही. तो गेला त्यानंतर त्या जागेला कुणी शिवलं नव्हतं. मग मी इथे आले, आणि पहिल्याच दिवशी एका थरथरणाऱ्या पोराचा हात फिरत फिरत नेमका तिथे आला. तो हुंकार मी दिला नव्हता, लूपे. तो आला. पुढचे मात्र सगळे मी दिले."