घातला का शर्ट?

नुसती पाटी लावून गिऱ्हाईक येण्याचे दिवस गेले, हे नणंदेने वहिनीच्या गळी उतरवलं, तेव्हा वहिनी एक कॉलर उसवत बसली होती. नणंद जाहिरातीच्या कंपनीत होती. आठवडाभर तिथे राबायची आणि सुट्टीला वहिनीच्या शिवणाच्या दुकानात येऊन बसायची.

"आता दुकानाचं नाही, तुझं नाव व्हायला हवं," असं म्हणून ती फोन काढून शूटिंगलाच लागली.

वहिनीचं काम जरा वेगळं होतं. हात थरथरणाऱ्या, एक बाजू लुळी पडलेल्या माणसांना आपले आपण घालता येतील असे कपडे ती शिवायची. वरून बटणं नेहमीसारखी, खाली वेल्क्रो. दाबलं की झालं. साध्या शर्टाला वेल्क्रो कसा शिवायचा, याचा व्हिडिओ दोघींनी टाकला. मोजक्याच लोकांनी बघितला. मग एकदा शेजारचं मांजर मशीनवर चढून टेपशी झोंबलं, आणि ते मात्र लाखो लोकांनी पाहिलं.

वहिनी हरखून गेली. उठता-बसता आकडा बघायचा नाद लागला. इस्त्री हातात आणि डोळे फोनवर. व्हायचं तेच झालं, गिऱ्हाईकाची बाही करपली. नवं मात्र कुणी दुकानाकडे फिरकलं नाही. फोन यायचे ते मांजर विकणार का, असं विचारायला.

"वन्सं, तुमच्या कृपेने मांजराचं नाव झालं हो," वहिनी लटक्या आदराने म्हणाली. नणंद हसली, पण मनातून खट्टू झाली.

अशातच एक निवृत्त नर्सबाई दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी पुरुषाचा शर्ट काढला.

"दुरुस्तीला नाही, दाखवायला आणलाय. तुमचा वेल्क्रोचा व्हिडिओ बघून मीच केलं, वाकडंतिकडं. आजारी पडल्यापासून यांची बटणं मी लावते. तेवढा वेळ मान फिरवून उभे राहायचे. काल यांनी खोलीचं दार लावून घेतलं. मी धावत गेले. दार वाजवलं, तर आतून म्हणतात, 'थांब की, तयार होतोय!'"

सांगता सांगता बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. वेल्क्रो खरंच वाकडा होता, तो सरळ करायला वहिनीची बोटं शिवशिवत होती, पण तिने हात लावला नाही.

बाई गेल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, मी भलतंच मोजत होते. किती जणांनी बघितलं, यात काय आहे? किती जणांनी घातलं, ते विचारू या."

तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओखाली एकच प्रश्न: घातला का शर्ट? मांजराच्या चाहत्यांनी पाठ फिरवली. पण उत्तरं येऊ लागली. एका मुलीने वडिलांचा फोटो पाठवला, शर्ट उलटा घातलेला, पण स्वतः घातलेला. वहिनीकडून शर्ट शिवून नेलेल्या एका निवृत्त ड्रायव्हरने तक्रार केली, "बाही काखेत काचते." वहिनीने त्यांना फोनच लावला. "बरं झालं सांगितलंत, फार उपकार झाले," म्हणाली आणि बाहीचा कटच बदलला. त्यांनी तिचं नाव आपल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सांगितलं, आणि तिथून माणसं यायला लागली.

आता सुट्टीच्या दिवशी नणंद उत्तरं मोठ्याने वाचते आणि वहिनी मशीन थांबवून ऐकते.

"तू फोन काढला नसतास, तर यातलं एकही माणूस मला कळलं नसतं गं," ती परवा म्हणाली.

नणंद म्हणाली, "पुरे, पुढचं ऐक."