नफ्यातले वीस टक्के

"आदी जाळ्याचो वांटो, मागीर मनशांचो!" मोरजीच्या वाळूत रापणीचं लांबलचक जाळं ओढून झालं, की आजोबांची ही हाक उठायची. जाळं फाटतं, होडी झिजते, म्हणून त्यांचा वाटा पहिला. उरेल ती मासळी माणसांत. फ्रॉकातली रूपाली तेव्हा सांडलेले तारले मासे वेचत असायची.

आता ती पेडण्यात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि उद्या तिचे बाबा दत्ताराम करारावर सही करणार होते. घरापुढची माडांची जागा शॅकसाठी, म्हणजे किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या हॉटेलासाठी, दहा वर्षं द्यायची. भाडं म्हणून विक्रीतले पाच टक्के घ्या, नाहीतर नफ्यातले वीस, असं शॅकवाला म्हणाला होता. "वीस," रूपालीने बेधडक सांगितलं होतं. घरातली वकील तीच.

प्रभावती मॅडमनी डिचोलीत एका खाणकंपनीचे हिशेब तीस वर्षं सांभाळलेले. वकिलीच्या मुलांना आता त्या आकडे शिकवत. आज वर्गात त्यांनी फळ्यावर नेमका तसाच प्रश्न घातला: विक्रीतले पाच टक्के की नफ्यातले वीस?

"वीस!" सगळा वर्ग ओरडला.

"कोर्टात असेच ओरडणार काय रे?"

"मॅडम, गणित जमलं असतं तर लॉला कशाला आलो असतो?" मागून साईश म्हणाला. हशा पिकला.

"तुझ्या अशिलाला आधीच सांगून ठेव हो ते! नफा म्हणजे काय, कोण सांगतं?"

रूपालीच्या कानात आजोबांची हाक घुमली. ती उठली, खडू घेतला. "विक्री शंभर. आधी पगार, वीज, माल आपला वाटा नेणार. नव्वद गेले, उरले दहा. त्यातले वीस टक्के म्हणजे दोन. विक्रीतले मात्र पाच. आणि खर्चच शंभर दाखवला, तर..." तिने ठसठशीत शून्य काढलं.

"बस," मॅडम हसल्या. "ही वकील झाली."

संध्याकाळी बाबा अंगणात जाळं विणत होते. "आयलंस गे, वकिलीणबाय? उद्या नवो शर्ट घालू मां?"

"सही करू नकात, बाबा."

त्यांची सुई थांबली. "तूच सांगितलंस म्हणान मी शब्द दिलो. आता काय झाला?"

शॅकवाला लबाड निघाला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. रूपाली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"विक्रीतले पाच घालून नवो कागद मी करतंय. शॅकवाल्याकडे मीच बोलतंय. चूक माझी, बाबा. वीस सांगितलंय तेव्हा माका नफ्यातले टक्के कळतच नव्हते. तुमका सांगूक लाज वाटली."