वाचून बघितलेली टेप

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या जाळीत नारळाच्या शेंडीचा एक तंतू अडकला होता आणि आतल्या पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता – हळद लागलेला, निर्लज्ज. अनितानं तो काढला नाही. राहू दे पुरावा. खंडेनवमीला शेतकी खात्याचे हौसराव आप्पा, साखर कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांपुढे फुटतो मग यालाच का नको म्हणून, चालू कॉम्प्युटरच्या डोक्यावरच नारळ फोडून मोकळे झाले. प्रसाद वाटून होतोय तोवर आत करकर सुरू झाली आणि पडद्यावर बॅड सेक्टरच्या ओळी.

आज पुण्याच्या इंजिनिअरनं डिस्कवरच्या खराब जागा हुडकून त्या वगळल्या, उरलेल्या जागेवर युनिक्स पुन्हा चढवलं, आणि आता तुमची बॅकअपची टेप लावा म्हणून तो चहाला गेला. तुमची टेप... म्हणजे गावोगावच्या ऊसलागणीच्या तारखा, त्यांवरूनच तोडीचा नंबर लागतो. त्या गेल्या, तर तोड ज्याचा आवाज मोठा त्याची आधी. खुटबाव गावात आवाजांना तोटा नाही. राहू गावच्या गिताबाईला मात्र घरच्या मेंढ्यासुद्धा जुमानत नाहीत. तिचा ऊस तुरे काढून उभा वाळेल.

टेप सरकली, थांबली, मागे आली – आणि अनिताच्या कानात तो आवाज आला, बाळासोंचा. आधीचे ऑपरेटर, आता वजनकाट्यावर. बॅकअप झाला की टेप पुन्हा लावून अखेरपर्यंत वाचायला लावायचे. तोवर तिची एसटी निघून जायची. "लिहिली म्हंजी राहिली असं न्हाई, अनिताताई. मालकांनी जेवलो म्हटलं तरी डबा उघडून बघताच की तुम्ही." सगळं ऑफिस हसलं होतं. मी नाही हसले. तो डबा मी अजून विसरले नाही... पण मागच्या महिन्यात टेप वाचताना मधेच अडली, ती फेकून दुसरी भरली – तीच ही. ते बघायला नव्हते, तरी वाचली. त्यांनी विचारलंच तर म्हणून.

नावं पडद्यावर चढत गेली. राहू गट आला. गिताबाई तिच्या तारखेला, तिच्या जागी, कुणालाही न ढकलता बसलेली.

अनितानं काट्यावर फोन लावला. बाळासोंनीच उचलला.

"आली का समदी?"

"आली. तुमच्यामुळं आली, भाऊ."

पलीकडे कुणाची तरी ट्रॉली मागे येत होती. टोमणा येईल म्हणून ती थांबली... आला नाही. "बरं झालं," एवढंच, तेही हळू.

फोन ठेवला तरी हात त्यावरच राहिला. इतकी वर्षं जपलेला राग, व्याजासकट वाढवलेला – तो आता कुणाच्या नावे टाकायचा? आणि छातीत हे जे मोकळं मोकळं वाटतंय, ते त्या माणसानं दिलेलं, तरी नको म्हणवत नाही...