पंखाची फट

दुपारपासून डॉक्टरांची पाचावर धारण बसली होती, आणि कारण काय, तर प्लास्टिकचं विमान! हसाल तर खबरदार. उद्या सकाळी नऊला त्यांना स्वतःच्या सासूबाईंचा मोतीबिंदू काढायचा होता. हजारो डोळे केले असतील त्यांनी. पण गेल्या आठवड्यात सही करताना हात थरथरला होता. एकदाच. बायकोलाही सांगितलं नव्हतं. स्वतःची परीक्षा घ्यायची म्हणून सुटे भाग जोडून करायच्या विमानाचा कपाटावरचा डबा खाली काढला. विमान नीट जुळलं, तर हात ठीक, असा मनाशी सौदा.

आणि पंख काही केल्या बसेना.

पंखाची जीभ धडाच्या खाचेत जायची, अर्ध्यात अडायची आणि वर नखभर फट उरायची. शेवटी त्यांनी पंख दाबून धरला नि कडेने गोंद सोडला. हा गोंद पाण्यासारखा पातळ. प्लास्टिकच विरघळवून एकजीव करतो. तो फटीतून सरळ अंगठ्याखाली पळाला. अंगठा उचलला, तर पंखावर त्याची रेषान् रेष उमटलेली! हाच हात उद्या डोळ्यात घालायचा? गोंद सुकायच्या आत त्यांनी पंख उपटून काढला.

"जावईबापू, उडालं का विमान?" भिंतीला हात लावत सासूबाई आल्या. शिवणकाम शिकवण्यात जन्म गेलेली बाई, जिभेला कात्रीची धार. "मघापासून नुसते सुस्कारे ऐकतेय."

"फट राहतेय, आई."

"आणा इकडे."

डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटांनी बघितलं. पंखाच्या जिभेवरून बोट फिरवलं, थांबल्या, परत फिरवलं. "अहो, इथे टोचतंय काहीतरी! कापड न तपासताच शिवायला बसलात होय?"

डॉक्टरांनी भिंग लावलं. खरंच की! सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, तिच्यातून पंख तोडताना राहिलेला देठ, तिळाएवढा. म्हणजे दोष हाताचा नव्हता! त्यांना हायसं वाटलं, अगदी रडू येईल इतकं. मनगट टेबलाला टेकवून त्यांनी चाकूने देठ उडवला, वरून सँडपेपर फिरवला, गोंद न लावता पंख बसवून पाहिला. आता फटीत केससुद्धा गेला नसता.

"उद्या पट्टी निघाली की आधी हे विमानच बघणार मी," खुर्चीत टेकत सासूबाई म्हणाल्या.

"बघाच," म्हणत डॉक्टरांनी गोंदाच्या बाटलीचं झाकण फिरवलं. झाकणालाच आतून बारीक ब्रश. तो बाहेर काढताना बाटलीच्या तोंडाला लागला. टिक. टिक टिक टिक टिक.

डॉक्टरांनी श्वास रोखला. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. टिक टिक. ब्रश बाटलीच्या तोंडाशी, हात अधांतरी; आता मनगट टेबलाला टेकवताही येत नव्हतं. सासूबाईंना कुठे दिसतंय, एवढाच काय तो आधार.

"हा आवाज दुपारपासून येतोय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आधी वाटलं, घड्याळच आहे."

फट देठामुळे होती, पण हात थरथरत होताच.

"आई, मला भीती वाटतेय."

"मग मला काय मजा वाटतेय?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "पण तुम्ही म्हणालात तर उद्या येईन मी. निमूट झोपेन टेबलावर."

त्या खरंच आल्या असत्या. ते ऐकून डॉक्टरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी झाकण कसंबसं लावलं आणि आपल्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"उद्या नऊचा डोळा तू कर," ते म्हणाले. "हो, सासूबाईंचाच. आणि ऐक, माझा हात कुणाला दाखवू, तेवढं सांग."

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी चाचपत त्यांचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला. तिथेही तो थरथरतच होता.